रक्तदाबाच्या मुळाशी : अधिवृक्क ग्रंथीच्या गाठींविषयी

(संस्थेच्या वार्षिक सभेनिमित्त माधवनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या व्याख्यानाचा विषय मी कळविला तेव्हा आपल्या कार्यवाहांनी मला दूरध्वनीवरून दोनदा विचारले, "डॉक्टर, हे लोकांना समजेल ना?" त्यांची शंका रास्त होती. हृदयविकार, मधुमेह, मोतीबिंदू हे शब्द घरोघरी माहीत आहेत. अधिवृक्क ग्रंथी हा शब्द मात्र शालेय पुस्तकात एकदा वाचून आपण सर्वजण विसरलेलो असतो. तरीही हा विषय मी आग्रहाने मागून घेतला. त्याचे कारण एक रुग्ण आहे आणि त्या रुग्णाच्या बाबतीत झालेली चूक माझी स्वतःची आहे.

२००९ सालची गोष्ट. यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात येत असत. वय सदतीस. रक्तदाब १७० वर ११०. मी एक गोळी दिली, उतार पडला नाही. दुसरी दिली. ते म्हणत, "डॉक्टरसाहेब, रात्री चार-चार वेळा लघवीला उठावं लागतं आणि सकाळी पायात बळ राहत नाही." मी म्हणालो, "बारा-बारा तास उभे राहता, पाय दुखणारच." तिसरी गोळी लघवी वाढविणारी होती. रक्तदाबासाठी ती उत्तम गोळी आहे, जगभर दिली जाते. ती सुरू केल्यानंतर तीन आठवड्यांनी एका पहाटे त्यांना अंथरुणावरून उठताच येईना. दोन्ही पाय लुळे. घरच्यांना वाटले, अर्धांगवायू झाला. रिक्षातून आणले. रक्त तपासले तेव्हा पोटॅशियम २.१ निघाले. ते निदान ३.५ असावे लागते.

पोटॅशियम भरून काढल्यावर दोन दिवसांत ते गृहस्थ चालू लागले. घरच्यांनी माझे आभार मानले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, कारण ज्या लक्षणांची नावे ते वर्षभर मला सांगत होते ती वैद्यकाच्या पुस्तकात एका ओळीत, एकाच आजाराखाली लिहिलेली आहेत, आणि ती ओळ मी विद्यार्थिदशेत पाठ केली होती.

आता त्या ग्रंथीविषयी थोडे. वृक्क म्हणजे मूत्रपिंड. त्याच्या डोक्यावर टोपी ठेवावी तशी बसलेली, म्हणून अधिवृक्क. आम्ही डॉक्टर मंडळी तिला अ‍ॅड्रिनल म्हणतो. उजवीकडे एक, डावीकडे एक. प्रत्येकीचे वजन चार-पाच ग्रॅम. तिचे बाहेरचे कवच आणि आतला गाभा ही खरे तर दोन निराळी बिऱ्हाडे आहेत. कवचातून अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल यांसारखे अंतःस्राव पाझरतात, गाभ्यातून अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन. अल्डोस्टेरॉनचे काम शरीरातील मीठ राखण्याचे. मूत्रपिंडाला ते सांगते की मीठ बाहेर सोडू नकोस, हवे तर पोटॅशियम सोड. उन्हातान्हात राबणाऱ्या, घाम गाळणाऱ्या मनुष्यप्राण्याला ही सोय जीवनदायी आहे. पण ग्रंथीत एखादी छोटी गाठ झाली आणि ती कोणाचेही न ऐकता अल्डोस्टेरॉन सोडीत राहिली, तर मीठ साठते, त्यासोबत पाणी साठते, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम लघवीवाटे वाहून जाते. रात्रीचे उठणे, पायांतील अशक्तपणा, गोळ्यांना न जुमानणारा रक्तदाब, हे सारे तेथूनच.

हा आजार ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते डॉ. जेरोम कॉन अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्याकडे सैन्याच्या उपयोगाचा एक प्रश्न आला होता. उष्ण, दमट प्रदेशात पाठविलेले सैनिक तेथल्या हवेला कसे सरावतात? कॉन यांनी माणसांचा घाम गोळा करून त्यातील मीठ मोजले. त्यांना आढळले की काही दिवसांत घामातील मीठ कमी होत जाते. शरीर मीठ धरून ठेवायला शिकते आणि ही किमया अधिवृक्क ग्रंथीची आहे. या कामाचा रक्तदाबाशी काही संबंध येईल असे तेव्हा कोणालाही वाटले नसेल.

१९५३ साली लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी स्वित्झर्लंडमधील सहकाऱ्यांच्या मदतीने अल्डोस्टेरॉन हे द्रव्य वेगळे काढले. पुढच्याच वर्षी कॉन यांच्याकडे चौतीस वर्षांची एक स्त्री आली. सात वर्षे तिला अधूनमधून पाय लुळे पडण्याचे झटके येत होते, हातापायांत वांब येत होते, रक्तदाब वाढलेला होता आणि पोटॅशियम घसरलेले होते. कॉन यांनी आपल्या जुन्या सवयीने तिचा घाम तपासला. त्यात मीठ जवळजवळ नव्हते. युद्धकाळात सैनिकांत जे पाहिले होते तेच चित्र, पण या बाईला ना उन्हाचा ताप होता ना श्रमाचा. ऑक्टोबर १९५४ मध्ये एका वैद्यकीय संस्थेच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी या नव्या आजाराला नाव दिले. शस्त्रक्रिया त्यानंतर, डिसेंबरमध्ये झाली. दोन्ही ग्रंथी काढाव्या लागतील अशी तयारी होती. शस्त्रक्रियेत उजव्या ग्रंथीत सुमारे चार सेंटीमीटरची गाठ सापडली. ती काढली आणि बाईंच्या तक्रारी जवळजवळ नाहीशा झाल्या.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५३ सालीच पोलंडमध्ये लिटिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी अशाच रुग्णांचे वर्णन छापले होते. ते पोलिश भाषेत होते, म्हणून जगाने ते वाचले नाही. आपल्या भाषेत लिहिणाऱ्या सर्वांनी त्यांची आठवण ठेवावी.

कॉन यांनी पुढे एक धाडसी विधान केले. कारण न सापडणारा म्हणून ज्या रक्तदाबाची आपण नोंद करतो, त्यातील वीस टक्क्यांपर्यंत रुग्णांत मूळ याच ग्रंथीत असू शकेल, असे ते म्हणाले. त्यांच्यावर टीका झाली. इतर वैद्यांना शंभरात एखाददुसराच असा रुग्ण आढळे आणि वैद्यकाच्या पुस्तकांत तोच आकडा स्थिर झाला. मी शिकलो तोही तोच. चूक अशी होती की सर्वजण फक्त पोटॅशियम कमी असलेल्यांतच हा आजार शोधत होते, आणि या आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत पोटॅशियम बरोबर असते. पुढे रक्तातील अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचे गुणोत्तर मोजण्याची पद्धत आली आणि आकडे हळूहळू वर सरकू लागले. २०२० साली अमेरिकेतील चार केंद्रांत सुमारे एक हजार व्यक्तींच्या चोवीस तासांच्या लघवीची तपासणी करून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अनेक गोळ्यांना दाद न देणारा रक्तदाब असलेल्यांपैकी सुमारे बावीस टक्के लोकांत अल्डोस्टेरॉनचा हा अतिरेक आढळला. सौम्य रक्तदाब असलेल्यांतही तो सुमारे सोळा टक्के निघाला. डॉ. कॉन १९९४ साली निवर्तले. हे आकडे पाहायला ते नव्हते.

कोणी विचारील, रक्तदाब कोणत्याही कारणाने वाढो, गोळीने उतरला म्हणजे झाले ना? तसे नाही. सारखाच रक्तदाब असलेले दोन रुग्ण घेतले, तर ज्याच्यात अल्डोस्टेरॉन जास्त आहे त्याला पक्षाघात, हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि मूत्रपिंड बिघडणे यांचा धोका अधिक असतो, हे अनेक अभ्यासांनी दाखविले आहे. हा स्राव हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींनाही थेट इजा करतो. मीठ जास्त खाणाऱ्या माणसात तर अधिकच. पापड, लोणचे, खर्डा आणि आपल्या सांगलीचे भडंग यांच्याविरुद्ध मी काही बोललो तर मला या गावात राहू देणार नाहीत, म्हणून एवढेच म्हणतो की ज्यांना हा आजार आहे त्यांच्या ताटातील मीठ इतरांपेक्षा महाग पडते.

आमच्या त्या यंत्रमाग कामगारांना मी मुंबईला पाठविले. महालक्ष्मी एक्स्प्रेसने जायचे, दादरला उतरायचे, बरोबर भाऊ. गाठ डाव्या ग्रंथीत होती. स्कॅनमध्ये गाठ दिसली म्हणून लगेच कापायची असे नसते, कारण वयपरत्वे अनेक माणसांच्या या ग्रंथीत निरुपद्रवी गाठी असतात आणि खरा दोष कधी दुसऱ्याच बाजूला असतो. त्यासाठी मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन दोन्ही बाजूंच्या अधिवृक्क शिरांतील रक्त वेगवेगळे घेतात. उजवी शीर अगदी आखूड असते आणि ती सापडणे हे निष्णात हातांचे काम आहे. दोष डावीकडेच असल्याची खात्री झाल्यावर दुर्बिणीतून ती ग्रंथी काढली. पोटॅशियम तत्काळ सुधारले, ताकद परत आली. रक्तदाब मात्र पूर्ण सामान्य झाला नाही. एक लहान गोळी राहिली. दात्यांसमोर उभे राहून केवळ चमत्कारांच्या कथा सांगू नयेत, म्हणून हेही सांगतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील ७०५ रुग्णांच्या एकत्रित अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर स्रावाचा दोष ९४ टक्क्यांत दूर झाला, पण सर्व गोळ्या सुटलेले रुग्ण ३७ टक्केच होते. तरुण रुग्णांत आणि स्त्रियांत यश अधिक. रक्तदाब जितकी वर्षे अंगात मुरतो तितके यश कमी होते. माझ्या रुग्णाची काही वर्षे मी घालविली. त्यांच्या हृदयाची भिंत जाड झाली होती, ती तशीच राहिली.

ज्यांच्या दोन्ही ग्रंथी दोषी असतात त्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. त्यांच्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन नावाची सहा दशकांहून जुनी आणि स्वस्त गोळी आहे. पुरुषांत तिने कधी छातीला सूज येते आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर पोटॅशियम वर चढते, म्हणून ती देखरेखीखाली घ्यावी. शेजाऱ्याला मानवली म्हणून आपण घेऊ नये.

आता ग्रंथीच्या गाभ्याकडे येतो. तेथील गाठीला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. ही विरळा असते, पण अल्डोस्टेरॉनच्या गाठीपेक्षा घातकी. तीव्र डोकेदुखी, दरदरून घाम आणि छातीत धडधड, अशा झटक्यांनी ती येते आणि जाते. मध्यंतरी सगळे आलबेल. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत झटका सरलेला असतो, रक्तदाब ठीक भरतो आणि रुग्णाची रवानगी मनाच्या आजारात होते. घरी तर त्याहून निराळी निदाने होतात. माझ्या माहितीतील एका बाईंना अंगात येते असे घरच्यांनी ठरविले होते आणि दर अमावास्येला उतारा चालू होता. त्यांच्या पतीने मात्र एक चांगली गोष्ट केली. शाळेच्या वहीत ते प्रत्येक झटक्याचा वार, वेळ आणि तो किती मिनिटे टिकला हे लिहून ठेवीत. त्या वहीत अमावास्या कोठेच जुळत नव्हती. वाकून केर काढणे आणि बादली उचलणे जुळत होते. पोट दाबले गेले की गाठीतून अ‍ॅड्रिनलिन उसळत होते. निदान त्या वहीने केले, आम्ही फक्त चाचणीने शिक्कामोर्तब केले. येथे बसलेल्या नातेवाइकांना माझी विनंती आहे की अशी वही ठेवावी.

ही गाठ आहे हे ठाऊक नसताना दुसऱ्याच कारणासाठी भूल दिली गेली तर रक्तदाब अचानक उसळून प्राणावर बेतू शकते. ठाऊक असेल तर प्रथम दहा-चौदा दिवस अल्फा रोधक औषध, भरपूर पाणी आणि मीठ देऊन रुग्णाची तयारी करतात. होय, येथे आम्हीच मीठ खायला सांगतो. १९२६ साली स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी अशा गाठी काढल्या तेव्हा यापैकी काहीच उपलब्ध नव्हते. दोघांचेही रुग्ण वाचले हे नशीबच म्हणायचे.

त्याच १९२६ साली मुंबईत परळला केईएम रुग्णालय सुरू झाले. आपणां दात्यांना त्याचा इतिहास माहीत असावा. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी तेथील वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देताना अट घातली होती की तेथे अध्यापक भारतीयच असावेत. त्या अटीचे फळ आजही मिळते आहे. त्याच महानगरपालिकेच्या रुग्णालयात डॉ. नलिनी शाह यांच्या नेतृत्वाखाली आणि पुढे डॉ. तुषार बांदगर यांच्या काळात अंतःस्राव विभागाने या गाठींचे सातत्याने काम केले. मला त्या कामाचे मोल विशेष वाटते, कारण ते सामान्य वॉर्डातील सामान्य रुग्णांवर उभे आहे. २०१६ साली त्यांनी चंदीगड, पुदुच्चेरी आदी ठिकाणच्या सहकाऱ्यांसह युरोपातील एका मान्यवर नियतकालिकात १५० भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फिओक्रोमोसायटोमा आणि तत्सम गाठी असलेल्या या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांशांत जन्मजात जनुकीय दोष आढळला आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण व्हीएचएल या जनुकाच्या दोषाचे होते. म्हणजे गाठ रुग्णाच्या पोटात असली तरी प्रश्न घराण्याचा असतो. हा दोष अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. त्यात डोळ्याच्या पडद्यावर, मेंदूत, मूत्रपिंडातही गाठी होऊ शकतात आणि नियमित तपासणीने त्या लहान असतानाच पकडता येतात.

कागदावर हे सोपे आहे. ज्या बाईंची वही मी सांगितली, त्यांच्या अहवालातही हाच दोष निघाला. त्यांची मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची, स्थळे येऊ लागली होती. आई म्हणाली, "तिची तपासणी नको. कागद झाला की बोभाटा होतो." मी त्यांना उलट बोललो नाही. त्या काही अडाणीपणाने बोलत नव्हत्या. आपला समाज कसा आहे हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. शेवटी आम्ही असा मार्ग काढला की जनुकाची चाचणी मुलीने स्वतः ठरवील तेव्हा करायची, तोपर्यंत वर्षातून एकदा डोळे, रक्तदाब आणि लघवीची तपासणी करायची. हा मार्ग पुस्तकी दृष्टीने अपुरा आहे. तिसऱ्या वर्षी ती मुलगी स्वतःहून आली आणि म्हणाली, "सर, आता करू या." लग्न ठरले होते आणि होणाऱ्या नवऱ्याला तिनेच सर्व सांगितले होते. चाचणीत काय निघाले ते तिचे खाजगी आहे.

आता विश्वस्त मंडळासमोर एक मागणी ठेवतो. रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची एकदा तरी ही तपासणी व्हावी, असे अंतःस्रावतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०२५ साली सुचविले आहे. आपल्याला ते एकदम झेपणार नाही, आणि मी ते मागतही नाही. चाळिशीच्या आत रक्तदाब सुरू झालेले, तीन गोळ्यांनीही न उतरणारे, पोटॅशियम कमी असलेले आणि ज्यांच्या जवळच्या नातलगास तरुणपणी पक्षाघात झाला असे, एवढ्यांपासून सुरुवात करू. ते दर आठवड्याला माझ्यासमोर येतात. पोटॅशियमची तपासणी आपल्या प्रयोगशाळेत होतेच. गुणोत्तराची चाचणी बाहेर पाठवावी लागते आणि तिचा खर्च रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही. देणगीदारांना यंत्र द्यायला आवडते. त्यावर नाव कोरता येते, फीत कापता येते. रक्ताच्या चाचणीवर कोणाचे नाव कोरायचे? तरीही मी अशा नाव नसलेल्या तपासणी निधीसाठी हात पसरतो आहे, आणि निदान झालेल्या रुग्णाच्या व सोबत्याच्या मुंबईच्या जाण्यायेण्यासाठी त्यातच थोडी तरतूद मागतो आहे. चाचणी होकारार्थी आली आणि गाडीभाड्याअभावी रुग्ण घरी बसला, तर ती चाचणी वाया गेली.

आमच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ मुलामुलींनाही दोन शब्द. पोटॅशियमसाठी रक्त घेताना रुग्णाला वारंवार मूठ आवळायला लावू नका, पट्टा फार वेळ बांधून ठेवू नका. नमुना मोटारसायकलच्या डिकीत हिंदकळत आला तर रक्तपेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते. मग कमी असलेले आपल्याला बरोबर वाटते. रेनिनचा नमुना काळजीपोटी बर्फात ठेवू नका, त्याने आकडा बिघडतो. मेटानेफ्रिनचा नमुना मात्र थंडच हवा. ही दोन नावे तेथल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेली मला पुढच्या बुधवारी दिसावीत.

सभागृहाच्या मागील बाजूस आपल्या परिचारिका भगिनी रक्तदाब मोजण्यासाठी बसल्या आहेत. जिना चढून आल्या आल्या हात पुढे करू नका. पाच मिनिटे पाठ टेकून, गप्पा न मारता बसा आणि मग मोजून घ्या. आपल्या सध्याच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत असेल तर ती त्यांना दाखवा. तीन किंवा अधिक गोळ्या घेणाऱ्यांची नावे त्या वेगळ्या वहीत उतरवून घेतील.